रंग शिळा कधी होतो?

श्रावण संपत आला की वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत माळ्यावरचे लाकडी नंदी खाली उतरतात. अमावास्येला शेतातल्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पोरांचा तान्हा पोळा, हा साऱ्या विदर्भाचाच क्रम आहे. चाकांच्या पाटावर उभा असलेला नंदी पोरे नटवून तोरणाखाली नेतात, त्याची पूजा होते आणि मग तो ओढत घरोघर फिरून बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, गोळा केला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजींच्या कारकिर्दीत, ही प्रथा रुजली असे सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्याच सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर मोठमोठ्या नंद्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे.

नंदी नवा नसतो. शिंगांची टोके उडालेली असतात, खूर घासलेले असतात, झुलीवरची नक्षी पुसट झालेली असते. म्हणून त्याच्याबरोबर गेल्या वर्षीच्या रंगाचे छोटे डबेही खाली येतात. चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटले की आतला प्रकार दिसतो. वर सुरकुतलेली जाड साय, तिच्याखाली पिवळसर तेल आणि बुडाशी असा घट्ट साका की काडी रुतून उभी राहावी. घरातला एक जण म्हणतो, रंग गेला, नवा आणा. दुसऱ्याचे म्हणणे असते, आधी ढवळून तर बघू.

हा वाद दोन मिनिटांत मिटतो, पण त्यात धर्मचिंतनातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. हा रंग पूजेच्या वस्तूला लागणार आहे. मग तो शिळा ठरतो का? आणि मुळात शिळे म्हणायचे तरी कशाला?

केवळ वेळ उलटली म्हणजे वस्तू शिळी झाली, असे आपली परंपरा मानत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराची लक्षणे सांगताना शिळ्या अन्नाचा उल्लेख येतो, पण तो रस निघून गेलेल्या आणि दुर्गंधी सुटलेल्या अन्नाच्या जोडीने येतो. पूजेत काल वाहिलेले फूल आज निर्माल्य होते. बेलाचे पान मात्र धुऊन पुन्हा वाहता येते, तुळस शिळी धरली जात नाही आणि गंगाजलाची कुपी वर्षानुवर्षे देवघरात राहते. स्वयंपाकघरातही वरण रात्रीत विटते आणि लोणचे वर्षभर मुरते. सगळ्यांना एकच काळ लागू होतो, निकाल मात्र वेगवेगळा लागतो. म्हणजे किती दिवस झाले यावर निवाडा होत नाही. त्या दिवसांत वस्तूच्या आत काय घडले यावर तो होतो.

रंगाच्या डब्यात काय घडते, हे पाहायला छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातला एक प्रयोग उपयोगी पडतो. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतो. सकाळी खडा दिसत नाही. मग पाणी वरून चाखायचे, मधून चाखायचे, तळातून चाखायचे. तिन्ही ठिकाणी ते खारटच लागते. जे दिसत नाही ते सर्वत्र सारखे भरून आहे, हे मुलाला जिभेने कळते.

रंगाचा डबा या परीक्षेत नापास होतो. वरून घेतलेला थेंब तेलकट आणि पारदर्शक निघतो, मधला फिकट, तळातला चिखलासारखा. याचे कारण साधे आहे: मीठ पाण्यात विरघळते, रंगद्रव्य तेलात विरघळत नाही. ते बारीक पुडीच्या रूपात तरंगत असते आणि संधी मिळताच खाली जाऊ लागते. आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 साली अशा कणांच्या वेगाचा नियम मांडला. कणाचा व्यास दुप्पट झाला की बुडण्याचा वेग चौपट होतो. कण द्रवापेक्षा जितका जड तितका लवकर तळ गाठतो. द्रव जितका दाट तितका वेळ लागतो. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायॉक्साइड पाण्याच्या चौपट जड असते, गेरूसारख्या लाल रंगातले लोहाचे ऑक्साइड पाचपट आणि काळ्या रंगातली काजळी दुपटीहूनही कमी. पांढऱ्या आणि तांबड्या डब्यांच्या बुडाशी साका लवकर बसतो आणि काळा रंग बराच काळ टिकून राहतो, तो यामुळे.

प्लास्टिकची छोटी विमाने, रणगाडे आणि आगगाड्या जोडून रंगवणाऱ्या छंदिष्टांनाही नेमका हाच त्रास होतो. इंग्लंडातल्या हल शहरात 1919 साली सुरू झालेल्या हम्ब्रॉल कंपनीच्या इनॅमल रंगाची डबी अवघी 14 मिलीलीटरची असते. एवढ्याशा डबीत तळाचा साका नीट वर आला नाही तर रंगाचा स्वभावच पालटतो. बिनचकाकीच्या रंगात चमक घालवणारी सिलिकाची पूड मिसळलेली असते. ती बुडाशीच राहिली तर विमानाचा पंख मध्येच चकाकतो, मध्येच मळकट दिसतो. लावणाऱ्याला वाटते रंग वाईट निघाला. प्रत्यक्षात त्याने डबीतला अर्धाच रंग लावलेला असतो.

तर पहिला प्रकार हा: घटक एकमेकांपासून दूर झाले आहेत, त्यातला एकही बिघडलेला नाही. असा डबा परत जुळवता येतो, पण त्याला धीर लागतो आणि पद्धत लागते. डबा जोरजोरात हलवला तर वरचे तेल हिंदकळते, हवेचे बुडबुडे शिरतात आणि तळाचा गोळा जागचा हलत नाही. जाणता रंगारी आधी वरचे तेल दुसऱ्या भांड्यात ओतून घेतो. उरलेल्या गोळ्यात चार थेंब टर्पेंटाईन टाकून चपट्या काडीने तो बुडापासून, कडांपासून खरवडत घोटतो. गुठळ्या मोडून गुळगुळीत लगदा झाला की बाजूला काढलेले तेल थोडे थोडे करून परत मिसळतो, प्रत्येक वेळी ढवळत. घाईने सगळे तेल एकदम ओतले तर गुठळ्या त्यात सुट्या तरंगत राहतात आणि मग त्या काडीखाली सापडत नाहीत. डबीत एक-दोन छर्रे टाकून ठेवायची युक्तीही चांगली आहे. तेलाच्या रंगात सायकलचे छर्रे चालतात. पाण्याच्या रंगात ते गंजतात आणि रंग तांबूस करतात, तिथे काचेचे मणी किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या गोळ्या लागतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्या अध्यात्मात गाळ खाली बसणे ही चांगली गोष्ट मानली आहे. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून टाकले की माती तळाशी जाते आणि पाणी नितळ होते. आत्मबोध या प्रकरणग्रंथात हाच दाखला अज्ञान दूर करणाऱ्या ज्ञानासाठी वापरला आहे. मनाचा तळ दिसेल इतके ते स्थिर व्हावे, असे योगी सांगतात. मग रंगाच्या डब्यात तेच घडले तर तो दोष का? सांख्य तर याहून पुढे जाते. सत्त्व, रज, तम हे तीन गुण समतोल असतात तेव्हा प्रकृती निवांत असते आणि तो तोल ढळला की सृष्टी सुरू होते. त्या हिशेबाने काडीने ढवळणे म्हणजे निवांतपण मोडणे.

उत्तर आपल्याला हवे काय, यात आहे. निवळीच्या भांड्यात हवे असते पाणी आणि बुडालेली माती टाकायची असते. रंगाच्या डब्यात जे बुडाले तोच रंग आहे. वर उरलेला नितळ भाग कितीही स्वच्छ दिसला तरी नंदीचे शिंग त्याने रंगत नाही. बसलेला गाळ एका ठिकाणी शुद्धी, दुसऱ्या ठिकाणी हानी. जैन आचार्य समंतभद्र यांनी आप्तमीमांसेत हा मुद्दा फार नेमका मांडला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला जातो. घट हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला आनंदतो आणि ज्याला सोनेच हवे होते तो शांत राहतो. घटना एक, पण तिघांपुढे ती तीन रूपांत उभी राहते, आणि आचार्यांच्या मते तिन्ही खरी आहेत. कारण वस्तूत उत्पत्ती, नाश आणि टिकून राहणे एकाच वेळी चालू असते. लगेच पुढे ते दुधाचा दाखला देतात. ज्याचे दुधाचे व्रत आहे तो दही खात नाही, ज्याचे दह्याचे आहे तो दूध पीत नाही आणि ज्याने गोरसच सोडले आहे तो दोन्हींना हात लावत नाही.

सोने आणि दूध हे दोन दाखले भारतीय दर्शनांत वारंवार येतात आणि रंगाच्या डब्यांना ते आश्चर्य वाटावे इतके लागू पडतात. वल्लभाचार्यांच्या परंपरेने या दोहोंत स्पष्ट भेद केला. सोन्याचे दागिने झाले तरी आटवून पुन्हा सोने मिळते; हा विकार न होता झालेला पालट. दुधाचे दही झाले की ते पुन्हा दूध होत नाही. हा विकार होऊन झालेला पालट. जग ब्रह्मातून कसे आले हे सांगताना या परंपरेने सोन्याची बाजू घेतली. आपल्यापुरता प्रश्न लहान आहे: समोरचा डबा सोन्यासारखा आटला की दुधासारखा विरजला?

शाळकरी मुलाच्या जलरंगाच्या वड्या सोन्याच्या जातीच्या. त्यांतला डिंक सुकतो तो केवळ पाणी उडून गेल्यामुळे. दहा वर्षांनी ओला कुंचला फिरवा, रंग पुन्हा सुटतो. लॅकर आणि नेलपॉलिश यांचेही तसेच. त्यांतला द्रावक उडाला की पापुद्रा कडक होतो, पण योग्य थिनर घातला की तो पुन्हा द्रव होतो. इथे आटलेला रंग आणि ताजा रंग यांत फरक आहे तो फक्त उडून गेलेल्या द्रावकाचा.

नंदीला लावायचा तेलाचा इनॅमल मात्र दुधाच्या जातीचा. तो वाळतो तेव्हा टर्पेंटाईन उडते ही फक्त सुरुवात असते. त्यानंतर तेलातले रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात आणि एकमेकांशी बांधले जाऊन एक अखंड जाळे होतात. डब्यात वर धरलेली साय म्हणजे हेच जाळे. तिच्यावर बाटलीभर टर्पेंटाईन ओतले तरी ती विरघळत नाही. फार तर फुगते, फाटते आणि रंगात चिंध्या होऊन पसरते. म्हणून साय ढवळून मिसळायची नसते. चाकूच्या टोकाने कडेने गोल कापून ती अख्खी उचलायची, मग खालचा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचा. खालचा रंग बहुतेक वेळा चांगला असतो, कारण सायीनेच त्याला हवेपासून वाचवलेले असते.

कच्चे मडके पाण्यात ठेवले तर पुन्हा चिखल होते, भाजलेले होत नाही. भट्टीत काळपट मडके लाल होते तेव्हा नक्की काय बदलते, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात मोठा वाद झाला. वैशेषिकांचे म्हणणे, आगीत मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवे मडके तयार होते. नैयायिक म्हणतात, मडके अख्खेच राहते आणि अख्खेच रंग बदलते. नाहीतर भट्टीतून काढलेले मडके आपलेच आहे हे कुंभार ओळखतो कसा? सायीच्या बाबतीत दोघांनाही थोडे थोडे द्यावे लागते. रेणू सुटे झाले नाहीत, उलट जुळले. आणि जुळल्यामुळेच परतीची वाट बंद झाली.

पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग, जो हल्ली छंदिष्टांच्या टेबलावर जास्त दिसतो, तो या दोन्हींच्या मधला. रंग दाट झाला आहे पण अजून ओला आहे, तोवर थेंब थेंब पाणी किंवा त्यासाठीचे मीडियम घालून तो पूर्वपदावर येतो. पाणी शक्यतो डिस्टिल्ड असावे. बोअरच्या पाण्यातले क्षार रंगाची घडी विस्कटू शकतात. पाणी फार झाले तरी घात होतो, कारण रंगद्रव्याला धरून ठेवणारे बंधक विरळ होते आणि वाळल्यावर रंग बोटाला भुकटीसारखा लागतो. एकदा का त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून रबरासारखे झाले, की मग पाणी काही करू शकत नाही. ती सीमा ओलांडण्याआधी डबा उघडणे एवढेच माणसाच्या हाती असते.

हा निवाडा करण्याचे कष्ट घ्यावेत का, नवा डबा स्वस्त असताना? वर्ध्याच्या मातीत या प्रश्नाला ठाम उत्तर दिले गेले आहे. 1930 साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या, पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पत्रांत गांधीजींनी अस्तेयाचा अर्थ विस्तारला. ज्या वस्तूची आपल्याला गरज नाही ती घेणे हीसुद्धा चोरी, असे त्यांनी सांगितले. 1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचा कारभार मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांनी सांभाळला, आणि तिथल्याच मगन संग्रहालयाचे उद्घाटन 1938 साली गांधीजींच्या हस्ते झाले. कुमारप्पांनी 1945 सालच्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात संपत्तीचे दोन प्रकार केले: साठ्यातली आणि वाहती. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे आहेत. उपसले की संपले. पीक, लाकूड, बियांचे तेल ही वाहती संपत्ती. ती वर्षाच्या चक्रात पुन्हा येते. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला, तो याच विचारातून.

रंगाचा डबा या मोजपट्टीने पाहिला की त्याचे मोल किमतीपेक्षा बरेच मोठे निघते. त्यातले रंगद्रव्य खाणीतून आलेले आहे. दुकानात टर्पेंटाईन म्हणून मिळणारे द्रावक बहुधा खनिज तेलातून काढलेले असते. डब्याचा पत्राही खाणीचाच. नंदीच्या दोन शिंगांसाठी आणलेला आणि नऊ दशांश भरलेला डबा झाकण नीट न लावल्यामुळे वर्षभरात दगड झाला, तर साठ्यातून उपसलेले धन कुणाच्याच उपयोगी न पडता परतीच्या वाटेपलीकडे गेले. गांधीजींच्या व्याख्येत ते अस्तेयाचे उल्लंघन आहे. हे व्रत प्रार्थनेत म्हणणे सोपे आहे. झाकणाच्या खाचेतला रंग फडक्याने पुसून, झाकण ठोकून बसवून, गळत नाही याची खात्री करून डबा उलटा ठेवणे, म्हणजे साय धरली तरी ती उघडताना बुडाशी जाईल, इतक्या बारीक कामात ते पाळले जाते.

आता उरतो सर्वांत अवघड डबा. तो फार जुना आहे, पण साका मऊ आहे, घोटल्यावर रंग लोण्यासारखा एकजीव झाला आहे. वर, मध्ये, तळाशी सारखाच. उद्दालकाची परीक्षा तो उत्तीर्ण होतो, कुमारप्पांचा हिशेबही त्याच्या बाजूने आहे. तरीही तो तान्ह्या पोळ्याच्या नंदीला लावता कामा नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा भारतातला नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः झळझळीत पिवळ्या आणि नारिंगी छटांत, लेड क्रोमेट सर्रास वापरले जात असे. नंदी लहान मुलाच्या हातात जातो, हातातून तोंडात जातो, आणि वाढत्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. ढवळण्याने विष निघून जात नाही. उलट ते सगळीकडे सारखे पसरते.

इथे काळाचा पुरावा पुन्हा आत येतो, पण वेगळ्या कारणाने. तारीख पाहायची ती रंग किती जुना आहे यासाठी नव्हे, तो कोणत्या नियमाखाली बनला हे कळावे यासाठी. डब्यावर तारीख वाचता येत नसेल तर मुलाच्या खेळण्यापुरता तो बाद समजावा. नंदीवरचा जुना थरही अशाच संशयातला असेल तर तो कोरडा घासू नये, कारण धूळ श्वासात जाते. ओला करून पुसावा आणि वरून नव्या, शिसे नसलेल्या रंगाचा हात द्यावा. बाद डबा नालीत रिकामा करायचा नसतो. घनकचऱ्याच्या 2016 सालच्या नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून झाकण लावून, वेगळा बांधून तो कचरा गोळा करणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि आत काय आहे ते त्याला सांगायचे.